ओटफ्रीड प्रॉइसलर यांची ‘क्राबाट’ बारा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावी का?

नेकारकाठची

नमस्कार. आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. मुलगा इथल्या शाळेत सातवीत आहे आणि पुढच्या सहामाहीत जर्मनच्या तासाला त्याच्या वर्गाला ओटफ्रीड प्रॉइसलर यांची ‘क्राबाट’ ही कादंबरी वाचायची आहे. लेखकाचे नाव ऐकून मी निर्धास्त होते, कारण बालवाडीपासून आमच्या घरात त्यांचीच पुस्तके आहेत. आजीचे कॉफी दळायचे यंत्र पळवणारा दरोडेखोर होट्सेनप्लोट्स, गिरणीच्या तळ्यात राहणारा छोटा जलमानव आणि एकशे सत्तावीस वर्षांची, म्हणजे चेटकिणींच्या हिशेबाने अगदीच पोरसवदा असलेली छोटी चेटकीण, ही मंडळी आमच्याकडे जवळजवळ नात्यातलीच आहेत.

‘क्राबाट’ घरी आल्यावर मुलाच्या आधी मीच वाचून काढली आणि पेचात पडले. चौदा वर्षांचा, भीक मागून जगणारा क्राबाट नावाचा एक अनाथ मुलगा स्वप्नातल्या हाकेमागे जातो आणि दलदलीच्या कडेला असलेल्या एका पाणचक्कीत उमेदवारीला लागतो. तिथला एकाक्ष उस्ताद दर शुक्रवारी रात्री आपल्या गड्यांना डोमकावळे करून काळी विद्या शिकवतो. अमावस्येच्या रात्री टोपीत कोंबड्याचे पीस खोवलेला कोणी एक पाहुणा दळण घेऊन येतो, आणि ते दळण हाडांचे आणि दातांचे असते. दर वर्षाच्या शेवटच्या रात्री एक गडी मरतो. इथवर मी समजू शकते, कारण राक्षस आणि चेटूक आपल्याही गोष्टींत असतेच. पण मेर्टन नावाचा गडी आधी पळून जाण्याची धडपड करतो आणि ते साधत नाही म्हटल्यावर गळफास लावून घेतो, तिथे माझा हात थांबला.

बारा वर्षांच्या मुलाला हे झेपेल का, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा असा की, ज्या माणसाने इतकी हसरी पुस्तके लिहिली त्यानेच हे का लिहिले असावे? आणि वर्गात चर्चा जर्मनमध्ये होणार असली, तरी घरी मराठीत मुलाशी या पुस्तकाबद्दल काय बोलावे, याचाही कोणी विचार केला असल्यास कृपया सांगावे.

कोथरूडचे गुरुजी

ताई, मी पुण्यात बरीच वर्षे जर्मन शिकवले आणि वरच्या इयत्तेच्या विद्यार्थ्यांकडून ‘क्राबाट’ वाचून घेतली आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरातच पहिल्याचे बरेचसे उत्तर आहे.

प्रॉइसलर यांचा जन्म १९२३ साली बोहेमियातल्या राइशेनबर्ग या गावी झाला. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याला लिबेरेत्स म्हणतात. वडील शिक्षक होते, लोककथा गोळा करणारे होते, आणि डोरा नावाच्या आजीकडे गोष्टींचा अखंड साठा होता. १९४२ साली शालान्त परीक्षा होताच हा मुलगा जर्मन सैन्यात गेला, १९४४ साली एकविसाव्या वर्षी रशियनांच्या हाती सापडला आणि पुढची पाच वर्षे तातार प्रदेशातल्या युद्धकैद्यांच्या छावण्यांत राहिला. १९४९ साली सुटला तेव्हा परतायला जन्मगाव उरलेले नव्हते, कारण तिथल्या जर्मन वस्तीला युद्धानंतर हाकलून देण्यात आले होते. दक्षिण बव्हेरियातल्या रोझेनहाइम परिसरात त्याने नव्याने संसार मांडला, प्राथमिक शाळेत मास्तरकी केली आणि पुढे मुख्याध्यापक झाला. छोटा जलमानव १९५६ सालचा, छोटी चेटकीण १९५७ सालची. या गोष्टी त्या मास्तरांच्या हातून आल्या आहेत.

‘क्राबाट’ मात्र चट्कन लिहून झाली नाही. हा विषय त्यांच्याबरोबर जवळजवळ दहा वर्षे होता. मध्ये लिखाण इतके अडले की त्यांनी ते बाजूला ठेवले आणि मन हलके करण्यासाठी एक विनोदी गोष्ट लिहायला घेतली. आपल्या घरातला दरोडेखोर होट्सेनप्लोट्स तो हाच, १९६२ सालचा. म्हणजे ही दोन पुस्तके एकाच माणसाची कशी, असा प्रश्न आपल्याला पडला असला तरी प्रत्यक्षात एकातून सुटका म्हणून दुसरे जन्माला आले आहे. ‘क्राबाट’ शेवटी १९७१ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला जर्मनीचा युवा साहित्याचा पुरस्कार मिळाला. ही आपली स्वतःची आणि आपल्या पिढीची कथा आहे, आणि सत्तेच्या मोहात सापडून तिच्यात गुंतत जाणाऱ्या सगळ्याच तरुणांची आहे, अशा आशयाचे प्रॉइसलर यांनी स्वतः सांगून ठेवले आहे.

आता पुस्तकाकडे येतो. यातली भीती हाडांच्या दळणात आहे असे मला वाटत नाही. ती गिरणीतल्या सुखसोयींत आहे. बाहेर कडाक्याचा हिवाळा आहे, लढाई चालू आहे, क्राबाट दारोदार गाणी म्हणत तुकडे मागत फिरला आहे, आणि इथे रोज पोटभर गरम जेवण मिळते. पहिले तीन महिने काम जीवघेणे असते. मग ईस्टरच्या रात्री विधिपूर्वक त्याला गड्यांत सामील करून घेतात, बैलाच्या जोखडाखालून वाकून आत यायला लावतात, आणि त्यानंतर पोत्याचे ओझे जाणवेनासे होते. मंत्राने काम हलके झाले की उस्तादाविषयी प्रश्न विचारणेही हळूहळू बंद पडते. मुलांना विचारा, हे गडी पळून का जात नाहीत? जादू त्यांना अडवते हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे असे की, बहुतेकांना बाहेर जाऊन पुन्हा सामान्य व्हायचेच नाही.

एक जागा मी विद्यार्थ्यांना नेहमी दोनदा वाचायला लावीत असे. क्राबाट गिरणीत येतो तेव्हा त्याच्यासाठी कपडे तयार ठेवलेले असतात आणि ते अंगाला नीट बसतात. वाचक ते वाचून पुढे जातो. वर्षभराने टोंडा मरतो. हा टोंडा थोरला गडी, क्राबाटचा एकुलता एक आधार. नवा उमेदवार विट्को येतो आणि त्याच्या अंगावर क्राबाटला टोंडाचे कपडे दिसतात. तेव्हा त्याच्या आणि आपल्याही ध्यानात येते की पहिल्या दिवशी आपल्याला मिळालेले कपडे कोणाचे तरी होते. लेखक त्यावर एक शब्दही जास्त बोलत नाही. टोंडाचे नाव गिरणीत पुन्हा कोणी काढत नाही. हे कळायला बारा वर्षांचे वय पुरेसे आहे, किंबहुना मोठ्या माणसांपेक्षा मुलांनाच ते लवकर कळते असा माझा अनुभव आहे.

लाइपत्सिगकर

गुरुजींनी लेखक सांगितला, मी थोडे गाव सांगतो. कामानिमित्त सॅक्सनीत राहतो आणि या कादंबरीच्या मुलखात अनेकदा गेलो आहे.

कथा घडते ती जर्मनीच्या पूर्वेकडच्या लाउझित्स या भागात, होयर्सवेर्डा या शहराच्या आसपास. श्वार्त्सकोल्म हे गाव खरेच आहे आणि आता होयर्सवेर्डाचाच भाग आहे. हा सॉर्ब लोकांचा प्रदेश. सॉर्ब हे जर्मनीतले स्लाव्ह अल्पसंख्याक, आज साधारण साठ हजार, आणि त्यांच्या भाषेचे जवळचे नाते चेक आणि पोलिशशी आहे. गावांच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात. दगडी कोळशाच्या हलक्या जातीच्या उघड्या खाणींनी या भागातली कितीतरी सॉर्ब गावे गिळली, त्यामुळे उरलेल्या गावांत क्राबाटला एका गोष्टीतल्या पात्रापेक्षा बराच मोठा मान आहे. श्वार्त्सकोल्मला हौशी मंडळींनी त्याची गिरणीही बांधून काढली आहे.

तरुण वाचकांना बहुधा ठाऊक नसते की क्राबाट प्रॉइसलर यांनी कल्पिलेला नाही. सॉर्ब लोककथेतल्या या मांत्रिकामागे एक खरा माणूस आहे असे मानले जाते. योहान शाडोविट्स नावाचा क्रोएशियन घोडदळ अधिकारी सॅक्सनीच्या इलेक्टरच्या, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याच्या, चाकरीत होता, त्याला ग्रोस झेर्शेन येथे जमीन मिळाली, १७०४ साली तो वारला आणि विटिशेनाउच्या चर्चमध्ये त्याला पुरले. परमुलखातला, परक्या भाषेचा, राजाच्या मर्जीतला माणूस. त्याच्याभोवती जादूच्या कथा जमल्या यात नवल नाही. प्रॉइसलर यांना ही कथा लहानपणी वडिलांच्या पुस्तकांत भेटली होती.

मला मुद्दाम सांगायचे आहे ते कथेत त्यांनी केलेल्या दोन बदलांबद्दल. लोककथेत क्राबाटला सोडवते ती त्याची आई. सगळ्या कावळ्यांतून ती आपला मुलगा ओळखते. कादंबरीत ते काम गावातल्या ईस्टरच्या रात्री गाणाऱ्या मुलींची म्होरकी, कांटोर्का, करते. दुसरा बदल याहून मोठा आहे. लोककथेतला क्राबाट उस्तादाची विद्या घेऊन बाहेर पडतो आणि तिच्या जोरावर गरिबांचे भले करतो, दलदल आटवून शेते पिकवतो. पूर्व जर्मनीत राहणारे सॉर्ब लेखक युरी ब्रेझान यांनी प्रॉइसलर यांच्या आधी, १९६८ साली, हीच कथा मुलांसाठी लिहिली, आणि तिथेही विद्या हे लोकांच्या हातचे शस्त्र आहे. प्रॉइसलर यांच्या पुस्तकात मात्र, भोळसट असल्याचे सोंग घेऊन राहिलेला युरो नावाचा गडी क्राबाटला आधीच बजावतो की आपण जिंकलो तर जादू कायमची जाईल आणि आपण साधे गिरणकामगार उरू. क्राबाटला हे मान्य करावे लागते. उस्तादाने तर त्याला याच्या उलट देऊ केलेले असते: माझ्यामागे ही गिरणी तुझी, ही विद्या तुझी.

चाळीसच्या दशकातून होरपळून निघालेल्या माणसाला ‘सत्ता वाईट नसते, ती चांगल्या हातात हवी’ हा लोककथेचा शेवट पटला नसावा असे मला वाटते. सॉर्ब मित्रांना मात्र अजूनही आपल्याच कथेतला शेवट जास्त आवडतो, आणि त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. ज्यांच्या हाती कधी सत्ता आलीच नाही, त्यांनी ती सोडून देण्यात कसले मोठेपण मानावे?

चिकित्सक

चर्चा चांगली चालली आहे, पण मला एका गोष्टीवर हरकत घ्यायची आहे. लेखकाच्या चरित्राची किल्ली फिरवून कादंबरी उघडण्याची आपल्याला फार सवय आहे. शाळेतही असेच होते. ‘गिरणी म्हणजे हुकूमशाही, उस्ताद म्हणजे हुकूमशहा, लिश्को हा गडी म्हणजे चहाडखोर’ असे फळ्यावर लिहून दिले की मुले परीक्षेत ते लिहितात आणि पुस्तकाची भीती त्याच दिवशी मरते. कथा सॅक्सनीचा इलेक्टर ‘बलवान’ ऑगस्ट याच्या काळातली आहे, स्वीडनशी लढाई चालू असलेल्या सॅक्सनीतली आहे. उस्ताद क्राबाटला घेऊन हवेतल्या गाडीतून ड्रेस्डेनला इलेक्टरच्या दरबारी जातो, तिथे युद्ध चालू ठेवण्याचा सल्ला देतो. सैन्यात भरती करायला आलेल्या शिपायांची गडी जादूने फजिती करतात. हे सारे अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावरचे तपशील आहेत आणि ते आपल्या जागी उत्तम आहेत. त्यांना सरसकट १९३३ ते १९४५ मध्ये ओढण्याची गरज नाही.

आणि चरित्रच काढायचे तर ते पुरते काढावे. प्रॉइसलर यांनी हिटलर युवा संघटनेतल्या जीवनावर पोरवयात एक पुस्तक लिहिले होते, ते १९४४ साली छापले गेले, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी त्याचा उल्लेख टाळला. ही माहिती सर्वांसमोर आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे २०१३ नंतर. ‘माझ्या पिढीची कथा’ असे म्हणणाऱ्या लेखकाने त्या कथेतला आपला स्वतःचा भाग सांगितला नाही, हे त्यांच्या चाहत्यांनी विसरू नये.

शिवाय कांटोर्काचे काय? क्राबाटच्या जिवावरच्या संकटात ती डोळे बांधून घेऊन उस्तादासमोर उभी राहते, पण आपल्याला तिचे खरे नावही कळत नाही. कांटोर्का हे गाणाऱ्या मुलींच्या म्होरकीचे पद आहे. बारा गड्यांना आपापली नावे आहेत आणि सोडवणारीला नाही. आजच्या मुलींनी हे वाचताना प्रश्न विचारला तर तो रास्तच आहे.

कोथरूडचे गुरुजी

चिकित्सक यांची फळ्याविषयीची तक्रार मला मान्य आहे आणि १९४४ च्या पुस्तकाचा उल्लेख झाला हेही योग्यच झाले. मात्र ते पुस्तक मला ‘क्राबाट’च्या विरुद्ध पुरावा वाटत नाही. उस्ताद क्राबाटला आपल्या तरुणपणाची गोष्ट सांगतो ते प्रकरण पुन्हा पाहावे. तोही कधी काळी दुसऱ्या गिरणीत उमेदवार होता, यिर्को नावाचा त्याचा जिवलग मित्र होता, आणि पुढे लढाईत त्या यिर्कोला त्याने स्वतःच मारले. उस्ताद जन्मतः उस्ताद नसतो, हे लिहिणाऱ्याने आपल्याविषयी काहीच सांगितले नाही असे मी म्हणणार नाही. त्याने आडून सांगितले. आडून सांगणे पुरेसे आहे की नाही यावर आपले दुमत राहील, आणि ते राहू द्यावे.

कांटोर्काच्या नावाबद्दल मात्र मी ठाम आहे. पहिल्या ईस्टरच्या रात्री क्राबाट आणि टोंडा उघड्यावर, एका लाकडी क्रुसाजवळ, शेकोटी पेटवून बसलेले असतात. नियमच असा आहे की ती रात्र अपघाती किंवा हिंसक मृत्यू घडलेल्या जागी जागून काढायची. मध्यरात्री लांबच्या गावातून मुलींचे गाणे ऐकू येते आणि एक आवाज क्राबाटच्या मनात घर करतो. तेव्हा टोंडा त्याला आपल्या वोर्शुलाची हकिकत सांगतो. गिरणीतल्या लोकांना तिचे नाव कळले आणि तिचा जीव गेला. म्हणून तो बजावतो की एखाद्या मुलीवर जीव जडलाच तर तिचे नाव कोणाच्या कानी जाऊ देऊ नकोस. यानंतर पूर्ण पुस्तकभर वाचकापासूनही ते नाव लपलेले राहते. ज्या गिरणीत झोपेतली बडबडही धोक्याची, तिथे हे नाव न उच्चारणे हीच तिची राखण आहे.

ठाण्याची पुस्तकवाली

मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते आणि मूळ जर्मन मला येत नाही, ‘क्राबाट’ इंग्रजीतून वाचली आहे. त्यामुळे वाङ्मयीन वादात न पडता ताईंच्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे वळते, जे मला वाटते थोडे मागे पडले आहेत.

भयकथा मुलांना झेपतात की नाही, हे वयापेक्षा त्या गोष्टीत मुलाला धरायला हात आहे की नाही यावर ठरते. आपल्याकडे रत्नाकर मतकरींनी मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या आणि त्यांच्याच ‘अलबत्या गलबत्या’मधल्या चेटकिणीला पाहून पिढ्यान्‌पिढ्या पोरे एकाच वेळी किंचाळली आणि हसली. ‘क्राबाट’मध्ये हसू थोडे आहे, पण धरायला हात शब्दशः आहे. पहिल्याच दिवशी उस्ताद क्राबाटला पिठाची खोली झाडायला कोंडतो. झाडावे तितके पीठ उडते, पुन्हा खाली बसते, आणि खोलीला पळवाट नसते. तो रडकुंडीला येतो तेव्हा टोंडा येऊन गुपचूप मदत करतो. पुढे काम सोसेनासे झाले की टोंडा नुसता खांद्यावर हात ठेवतो आणि अंगात बळ येते. तिसऱ्या वर्षी लोबोश नावाचा चिमुरडा उमेदवार येतो तेव्हा क्राबाट त्याच्या खांद्यावर तसाच हात ठेवतो, आणि त्यानेही कोणाला सांगायचे नसते. माझ्या मते मुलाशी बोलायला ही जागा सर्वांत चांगली आहे. ‘तुला असे गुपचूप कोणी मदत केली आहे का, तू कोणाला केली आहेस का’ असे विचारून पाहा. उत्तर लगेच न आले तरी चालेल.

आता मेर्टनबद्दल स्पष्ट बोलते, कारण ताईंचा हात तिथे थांबला आणि तो थांबायलाच हवा होता. मुलाला ते पान एकट्याने रात्री वाचू देऊ नका. आधी सांगून ठेवा की पुढे असा प्रसंग आहे, मेर्टनला त्याच्या चुलतभावाच्या, मिखालच्या, मृत्यूचे दुःख असह्य झाले आहे, तो वाचतो, आणि शेवटी गिरणीतून सुटणाऱ्यांत मेर्टनही असतो. शेवट आधी कळला म्हणून गोष्टीची गंमत जाईल ही भीती इथे बाजूला ठेवावी. त्या प्रसंगात गिरणीत मरायचे कोणी हे मीच ठरवणार असे उस्ताद जे ऐकवतो, ते मुलाला विचित्र वाटेल. तिथे थांबून एवढेच बोलावे की दुःख असह्य झाल्यावर सांगायला मेर्टनला कोणीच नव्हते, कारण त्या गिरणीत मेलेल्या गड्याचे नावही कोणी काढत नसे, आणि आपल्या घरात तसे नाही. वोर्शुलाच्या हकिकतीपाशीही मुलाला बोलावेसे वाटले तर जवळ असावे.

मुलाच्या अलीकडच्या आयुष्यात घरात किंवा वर्गात कोणाचा मृत्यू झाला असेल तर मात्र वर्गशिक्षिकेला आधी कळवून ठेवावे. तसे काही नसेल, तर बारा-तेराव्या वर्षी हे पुस्तक अवेळी आले असे मी म्हणणार नाही.

नेकारकाठची

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर लिहाल अशी अपेक्षा नव्हती.

पुस्तकवाली ताई, आपला सल्ला मी मानणार आहे. मेर्टनचे प्रकरण आम्ही दोघे मिळून, आणि दिवसा, वाचू. गुरुजींनी दाखवलेली कपड्यांची जागा मी वाचताना सरळ ओलांडून गेले होते; पुन्हा काढून पाहिली आणि खरे सांगायचे तर हाडांच्या दळणापेक्षा तीच जास्त वेळ डोक्यात राहिली. कांटोर्काच्या नावाबद्दल मात्र मी चिकित्सक यांच्या बाजूची आहे. कारण समजले तरी ती मुलगी पुस्तकात फारच थोडी आहे. शेवटच्या परीक्षेत क्राबाटला ती कशी ओळखते, तर तो तिच्या काळजीने घाबरला होता आणि तिला ती भीती जाणवली म्हणून. बाकीचे गडी स्वतःच्या जिवाला घाबरलेले असतात, हा एकटा तिच्यासाठी. एवढी सूक्ष्म गोष्ट ओळखणारी मुलगी पानापानांवर असायला हवी होती.

आणखी दोन व्यावहारिक शंका आहेत. मुलाच्या वर्गमित्रांनी या कथेवरचा चित्रपट पाहिला आहे आणि तोही मागे लागला आहे. पुस्तकाआधी दाखवावा का? आणि ईस्टरच्या सुट्टीत आम्ही ड्रेस्डेनला जाणार आहोत, तिथून त्या गावाकडे जाणे सोयीचे आहे का?

लाइपत्सिगकर

चित्रपट बहुधा २००८ सालचा असेल, मार्को क्रॉइत्सपाइंटनर यांनी दिग्दर्शित केलेला, ज्यात टोंडाचे काम डानिएल ब्रूल यांनी केले आहे. तो पुस्तकानंतर दाखवावा. वाईट नाही, पण बर्फाच्छादित डोंगरांत घडतो, आणि लाउझित्स तर तळहातासारखा सपाट, पाणथळ मुलूख आहे. लपायला डोंगर नाही आणि पळायला दिसेल तितके मोकळे रान आहे, तरीही गडी पळू शकत नाहीत, ही पुस्तकातली कोंडी चित्रपटात हरवते. याशिवाय १९७० च्या दशकात चेक दिग्दर्शक कारेल झेमान यांनी कागदी कातरचित्रांच्या तंत्राने केलेला एक अॅनिमेशनपट आहे. मला स्वतःला तो जास्त आवडतो, पण तो रात्री दाखवू नये.

ड्रेस्डेनहून होयर्सवेर्डा एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. ईस्टरलाच जाणार असाल तर नुसती गिरणी पाहून परतू नका. ईस्टरच्या रविवारी या भागातले कॅथलिक सॉर्ब पुरुष काळे कोट आणि उंच टोप्या घालून, सजवलेल्या घोड्यांवर बसून, स्तोत्रे म्हणत एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. विटिशेनाउहूनही अशी मिरवणूक निघते, आणि क्राबाटच्या मूळ पुरुषाची कबर तिथल्याच चर्चमध्ये आहे. कांटोर्का आणि तिच्या सख्या पहाटे एकही शब्द न बोलता झऱ्याचे पाणी आणायला जातात, तीही सॉर्ब लोकांची जुनी चाल आहे. मेणाने आणि पिसाच्या टोकाने नक्षी काढलेली ईस्टरची अंडी बाजारात मिळतील. मुलाला काढताना पाहायची असतील तर बाउत्सेनला थांबा. गाडी मात्र गावाबाहेर लावावी लागते, आणि घोडे जाईपर्यंत रस्ते बंद असतात, तेव्हा सकाळी लवकर पोहोचा.